बागेच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरची मराठी माहिती-साइट: चढवली, पण चित्रं, दुवे आणि शोध तिन्ही अडलंय

कांदेबाग (रावेर)

नमस्कार मंडळी. घरची केळी सांभाळून मी आणि दोन मित्रांनी बागेच्या हिशोबाचं एक छोटं सॉफ्टवेअर केलंय. लागवड, खत, ठिबकचे तास, मजुरी, कापणी, व्यापाऱ्याकडून येणं, एवढंच. कोड खुला आहे, गिटहबवर (कोड ठेवायच्या साइटवर) आहे. आमच्या आणि शेजारच्या दोन गावांतले मिळून साठेक शेतकरी ते वापरतात.

सॉफ्टवेअर ठीक चाललंय, अडचण माहितीपुस्तिकेची आहे. आजवर वर्डमध्ये लिहून पीडीएफ करायची आणि व्हॉट्सॲपच्या गटावर टाकायची, असं चाललं होतं. गेल्या पावसाळ्यात एका काकांचा फोन आला, "तुझ्या पुस्तकात लिहिलंय तसंच केलं, तरी वजन चार क्विंटलने जास्त दाखवतंय." संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो. त्यांच्या फोनमधली पीडीएफ दीड वर्षापूर्वीची निघाली. तेव्हा वजन घडाच्या दांड्यासकट टाकायचं आणि वजावट सॉफ्टवेअर करायचं, अशी पद्धत होती. नंतर आम्ही ती बदलली, कारण दांड्याची वजावट जो तो व्यापारी आपापल्या हिशोबाने धरतो. आता निव्वळ वजनच टाकायचं असतं. काकांनी जुन्या पानाप्रमाणे दांड्यासकट टाकलं, सॉफ्टवेअरने ते निव्वळ धरलं, आकडा व्यापाऱ्याच्या पट्टीशी जुळेना आणि दोघांत बोलाचाली झाली. चूक माझी होती, मनस्ताप त्यांना झाला. ते मला अजून टोचतंय.

म्हणून ठरवलं की पुस्तिका एकाच पत्त्यावर राहील आणि तिथे कायम ताजी असेल. पायथन ही भाषा येते म्हणून तिच्यातलं एमकेडॉक्स, म्हणजे साध्या मजकुरातून साइट बनवणारं साधन, घेतलं, वर मटेरियलची थीम (साइटचं तयार रूप), मजकूर मार्कडाउनमध्ये (साध्या खुणांनी लिहायची पद्धत). लॅपटॉपवर 'एमकेडॉक्स सर्व्ह' ही आज्ञा देऊन साइट बघितली की सगळं छान दिसतं. 'जीएच-डिप्लॉय' या आज्ञेने गिटहब पेजेसवर (गिटहबची साइट ठेवायची सोय) चढवलं आणि तीन गोष्टी अडल्या. निम्मी चित्रं दिसत नाहीत. मथळ्यांचे दुवे पत्त्यात 'अंडरस्कोर १', 'अंडरस्कोर २' असे येतात. आणि शोधाच्या चौकटीत 'कापणी' टाकलं तर काहीच सापडत नाही, 'पीडीएफ' हा रोमन शब्द टाकला तर सापडतो.

मुळात मार्ग बरोबर आहे का, तेही सांगा.

सातपुडा_पायथा (शहादा)

भाऊ, मार्ग बरोबर आहे. चित्रांचं आधी बघू. कळीचा प्रश्न: लॅपटॉप विंडोजचा आहे का? आणि चित्रांचे पत्ते तिरक्या रेघेने सुरू होतात का?

कांदेबाग

दोन्ही हो.

सातपुडा_पायथा

मग दोन वेगवेगळी कारणं एकत्र आली आहेत.

तिरक्या रेघेने सुरू होणारा पत्ता म्हणजे 'साइटच्या मुळापासून'. तुमच्या लॅपटॉपवर साइट मुळावरच उभी असते, म्हणून चालतं. गिटहब पेजेसवर प्रकल्पाची साइट खात्याच्या पत्त्याखाली, प्रकल्पाच्या नावाच्या फोल्डरात बसते. ब्राउझर मुळात जाऊन चित्र शोधतो, ते तिथे नसतं. एमकेडॉक्स १.६ पासून कॉन्फिगमध्ये, म्हणजे सेटिंगच्या फाइलीत, व्हॅलिडेशनखाली 'ॲब्सोल्यूट लिंक्स'ला 'रिलेटिव्ह टू डॉक्स' अशी किंमत देता येते, मग असे पत्ते तो स्वतः दुरुस्त करतो. नाहीतर पत्ते पानाच्या सापेक्ष लिहा, मी तरी तेच करतो. आणि कॉन्फिगमध्ये 'साइट यूआरएल' पूर्ण भरा. ते भरलं की 'सर्व्ह'सुद्धा लॅपटॉपवर साइट त्याच पोटपत्त्यावर उभी करतं आणि असली चूक चढवण्याआधीच दिसते.

दुसरं कारण अक्षरांच्या लहानमोठेपणाचं. विंडोजला फाइलचं शेपूट मोठ्या अक्षरांत 'जेपीजी' असो की लहान अक्षरांत, दोन्ही एकच. लिनक्सवर त्या दोन वेगळ्या फाइली. फोनच्या कॅमेऱ्यातून आलेल्या फोटोंचं शेपूट बऱ्याचदा मोठ्या अक्षरांत असतं आणि आपण मार्कडाउनमध्ये हाताने लहान लिहितो. नुसतं नाव बदलून भागणार नाही, विंडोजवर गिटच्या (बदलांची नोंद ठेवणारं साधन) ते लक्षातच येत नाही. 'गिट एमव्ही' करूनच बदला.

हे पुन्हा होऊ नये म्हणून 'बिल्ड'ला, म्हणजे साइट तयार करायच्या आज्ञेला, 'स्ट्रिक्ट' जोडा. तुटका दुवा दिसला की बिल्ड तिथेच थांबतं. एमकेडॉक्स ही सूचना आताही देत असणार, पण टर्मिनलमध्ये ती वर सरकून जाते.

अमळनेरकर

थोडा विरोधी सूर लावतो, राग मानू नका. शेतात, विहिरीपाशी रेंज नसते. पीडीएफ फोनमध्ये असते, उघडली की दिसते. साइटसाठी नेट लागणार. ज्याच्यासाठी लिहितो आहोत त्याच्या हातात काय टिकतं, याचा विचार आधी व्हावा. माझ्या वडिलांना लिंक दिली तर ते ती उघडणार नाहीत, पीडीएफ मात्र ते चष्मा लावून वाचतात.

पांझराकाठ (धुळे)

मुद्दा रास्त आहे. मी कामाने तांत्रिक लेखन करते, गेली काही वर्षं हेच बघते आहे. पण काकांच्या बाबतीत बिघडलं ते जुनी पीडीएफ ओळखता न आल्यामुळे. तेव्हा पीडीएफ ठेवा, फक्त ती हाताने करू नका. साइट ज्या मार्कडाउनमधून तयार होते त्यातूनच प्रत्येक आवृत्तीला पीडीएफ निघावी, पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत तारीख आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती असावी, शेजारी साइटचा क्यूआर. म्हणजे मूळ एकच राहतं. वडिलांना कागद, मुलाला लिंक.

मटेरियलमध्ये ऑफलाइनचं प्लगइनही आहे. साइटची अख्खी फोल्डर पेन ड्राइव्हवर देता येते आणि नेटशिवाय संगणकावर उघडते. सोसायटीच्या कार्यालयातल्या संगणकासाठी ते उपयोगी पडेल. फोनसाठी पीडीएफच बरी.

आता मथळ्यांकडे येते, कारण इथे मी स्वतः दोन दिवस घालवले आहेत.

मथळ्यापासून दुव्याचं नाव तयार करताना पायथन-मार्कडाउनची मूळ पद्धत रोमन सोडून बाकी सगळी अक्षरं टाकून देते. मराठी मथळ्यातलं काहीच उरत नाही, म्हणून ती 'अंडरस्कोर १', 'अंडरस्कोर २' असे अनुक्रमांक देते. आज तुम्ही 'अंडरस्कोर ३'चा दुवा गटावर टाकलात आणि उद्या पानाच्या सुरुवातीला एक मथळा वाढवलात, की तोच दुवा भलत्याच ठिकाणी नेतो. कोणाला कळतही नाही.

यावर 'युनिकोडवाला स्लगिफाय लावा' (स्लगिफाय म्हणजे मथळ्यापासून दुव्याचं नाव बनवणारा कोड) असा सल्ला बहुतेक ठिकाणी मिळतो. तो मराठीला पुरत नाही. पायथनच्या रेजेक्समध्ये (अक्षरांचे नमुने शोधायच्या सोयीत) 'शब्दातलं अक्षर' म्हणजे काय, याच्या व्याख्येत आपल्या काना, मात्रा, वेलांट्या, अनुस्वार बसत नाहीत. ती चिन्हं गळून पडतात. 'केळी कापणीची नोंद' हा मथळा मी लावून बघितला, दुवा तयार झाला 'कळ-कपणच-नद'. तो पाहून मला खरंच वाईट वाटलं. आपली भाषा वाचता येईल इतपतही राहू दिली नव्हती.

उपाय साधा आहे. कॉन्फिगच्या मार्कडाउन एक्स्टेन्शन्समध्ये 'ॲट्रिब्यूट लिस्ट' चालू करा आणि प्रत्येक मथळ्यापुढे महिरपी कंसात हॅश लावून रोमन अक्षरांत छोटं नाव स्वतः लिहा. मथळ्याचे शब्द उद्या बदलले तरी दुवा तसाच राहतो. हाच नियम फाइलींच्या नावांनाही लावा. देवनागरीतल्या एका चिन्हाचे यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट होतात आणि पत्त्यात एका बाइटची तीन अक्षरं. 'केळी' या चार चिन्हांचीच छत्तीस अक्षरं झाली. व्हॉट्सॲपवर असला दुवा पाठवला की टक्के-चिन्हांची माळ दिसते आणि माणूस बिचकून दाबतच नाही.

जंक्शन (भुसावळ)

शेवटच्या वर्षाला आहे, विचारतो. अशीच साइट बनवणारी डॉक्युसॉरस किंवा ह्यूगो ही साधनं का नकोत? आणि मटेरियलच्या मंडळींनी २०२५ मध्ये झेन्सिकल म्हणून नवं साधन जाहीर केलं, मटेरियल आता फक्त देखभालीवर आहे, असं वाचलं. मग जुन्यावर कशाला बांधायचं?

सातपुडा_पायथा

वाचलंस ते बरोबर आहे. साधनं येत-जात राहतात. जेकिल २००८ चं, त्याच वर्षी गिटहब पेजेस आलं आणि जेकिलच्याच जोरावर बरीच वर्षं चाललं. स्फिंक्सही २००८ चं, पायथनच्या स्वतःच्या दस्तऐवजांसाठी केलेलं. ह्यूगो २०१३, एमकेडॉक्स २०१४, डॉक्युसॉरस २०१७. या सगळ्यांच्या आधीचं मार्कडाउन, २००४ चं, ते मात्र टिकून आहे. कांदेबाग यांचा मजकूर साध्या मार्कडाउन फाइलींत आहे तोवर साधन बदलणं म्हणजे एका शनिवार-रविवारचं काम. झेन्सिकल तर एमकेडॉक्सचीच कॉन्फिग फाइल वाचता यावी अशा बेताने केलंय. म्हणून मजकुरात साधनाच्या खास खुणा जितक्या कमी तितकं बरं.

निवडीबद्दल माझं मत विचारशील, तर प्रकल्प सांभाळणाऱ्याला जी भाषा येते तिचं साधन. रिॲक्ट (जावास्क्रिप्टची लायब्ररी) येत असेल तर डॉक्युसॉरस चांगलं आहे, आवृत्त्यांची सोय त्यात आयतीच मिळते. काहीच येत नसेल तर ह्यूगो, कारण एक फाइल उतरवली की झालं, मागे पॅकेजांची वरात नाही. यांना पायथन येतं. विषय संपला.

गिरणा (चाळीसगाव)

मी शिक्षक, संगणकाचा जाणकार नाही. पण एक विचारतो, वर्डप्रेस का नको? आमच्या वाचनालयाची साइट त्यावर होती, बरी चालायची.

गिरणा

लिहितानाच आठवलं, पुढचंही सांगायला हवं. ती साइट करणारा मुलगा नोकरीला बाहेरगावी गेला, दोन वर्षं कोणी अपडेट केलं नाही आणि एक दिवस पानावर भलत्याच औषधांच्या जाहिराती दिसू लागल्या. सगळा मजकूर डेटाबेसमध्ये होता, प्रत कोणाकडे नव्हती. तीस वर्षांच्या व्याख्यानांची यादी गेली. म्हणून विचारतो, यात तसं होईल का?

पांझराकाठ

सर, ऐकून फार वाईट वाटलं.

वर्डप्रेसमध्ये पान मागितलं की सर्व्हरवर प्रोग्राम चालतो, डेटाबेसमधून मजकूर आणतो, पान जुळवून देतो. त्या प्रोग्रामला भोक पडलं की बाहेरचा आत शिरतो. स्टॅटिक साइटमध्ये पानं आधीच तयार करून ठेवलेली असतात, मागणी आली की तयार फाइल उचलून दिली. मागे चालणारा प्रोग्राम नाही, डेटाबेस नाही. खात्याचा पासवर्ड मात्र सांभाळावा लागतो, दोन पायऱ्यांचं लॉगिन लावाच. आणि मजकुराची पूर्ण प्रत, जुन्या प्रत्येक बदलासकट, ज्याने ज्याने रेपो क्लोन केला, म्हणजे प्रकल्पाची अख्खी प्रत उतरवून घेतली, त्याच्या लॅपटॉपवर असते. करणारा मुलगा बाहेरगावी गेला तरी मजकूर त्याच्यासोबत जात नाही.

कांदेबाग

चित्रं दिसायला लागली! अकरा फाइलींचं शेपूट मोठ्या अक्षरांत होतं, सहा पत्ते तिरक्या रेघेचे. मथळ्यांना रोमन नावं देतोय, अर्धे झाले. ताई, 'कळ-कपणच-नद' माझ्याकडेही तसंच आलं, आधी मला वाटलं माझा फॉन्ट बिघडलाय.

आता शोध. आणि एक नवीन गोष्ट: स्वतःचा डोमेन जोडला होता, पुढच्या 'जीएच-डिप्लॉय'ला तो आपोआप सुटला. दोनदा झालं.

सातपुडा_पायथा

डोमेनचं सोपं आहे. 'जीएच-डिप्लॉय' तयार साइट रेपोच्या 'जीएच-पेजेस' नावाच्या शाखेत ठेवतं आणि ती शाखा दर वेळी नव्याने लिहितं. डोमेनची 'सीनेम' नावाची फाइल त्या शाखेत गिटहबने ठेवलेली असते, ती पुसली जाते. ती डॉक्स फोल्डरात ठेवलीत तर दर बिल्डमध्ये जाईल.

पण माझं म्हणणं, लॅपटॉपवरून चढवणंच बंद करा. गिटहब ॲक्शन्स (गिटहबवरच कामं आपोआप चालवायची सोय) लावा. मुख्य शाखेत बदल गेला की तिथेच बिल्ड होईल, स्ट्रिक्टमध्ये पास झालं तरच चढेल. पेजेसच्या सेटिंगमध्ये स्रोत 'गिटहब ॲक्शन्स' निवडा. वर्कफ्लोमध्ये, म्हणजे त्या कामांच्या पायऱ्या लिहिलेल्या फाइलीत, परवानग्या दोन लागतात, 'पेजेस'ला आणि 'आयडी-टोकन'ला राइट. त्या विसरल्या की शेवटच्या पायरीवर अडतं, बहुतेकांचं तिथेच अडतं. या मार्गाने डोमेन सेटिंगमध्ये लिहिलेला राहतो, फाइलीची गरज नाही. डीएनएसमध्ये (डोमेनचं नाव कुठे वळतं त्याच्या नोंदींत) उपडोमेन घेऊन एकच सीनेम नोंद खात्याच्या गिटहब-पत्त्याकडे वळवा. एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र फुकट मिळतं, थोडा वेळ लागतो, धीर धरा.

पॅकेजांच्या आवृत्त्या रिक्वायरमेंट्स फाइलीत पक्क्या लिहा. नाहीतर सहा महिन्यांनी एक शब्द दुरुस्त करायला जाल आणि बिल्डच होणार नाही.

पेजेसच्या मर्यादा माहीत असू द्या, साइट एक जीबीपर्यंत, महिन्याला शंभर जीबी वाहतूक ही सौम्य मर्यादा. तुम्हाला ती कधी लागणार नाही, पण स्क्रीनशॉट तीन-तीन एमबीचे ठेवू नका. रुंदी कमी करून वेबपीमध्ये बदला. वाचणाऱ्याचा डेटा त्याच्या पैशांचा असतो.

पांझराकाठ

शोधावर मी सविस्तर लिहिते, कारण मराठीत हे कुठे एकत्र लिहिलेलं मला सापडलं नाही.

एमकेडॉक्सचा शोध ब्राउझरमध्येच चालतो, लूनर नावाच्या लायब्ररीवर. सूची बनवताना लूनर प्रत्येक शब्दाच्या दोन्ही कडांची 'शब्दात न बसणारी' चिन्हं छाटतो, स्वल्पविराम, कंस वगैरे. ही छाटणी जावास्क्रिप्टच्या जुन्या व्याख्येवर चालते आणि तिच्या लेखी रोमन अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर एवढंच शब्दात बसतं. 'कापणी' हा शब्द डावीकडून छाटत गेली की पूर्णच संपतो. मागे रिकामी जागा. म्हणून तुमचं 'पीडीएफ' रोमनमध्ये सापडतं आणि 'कापणी' नाही. हिंदी भाषा निवडायची सोय आहे, पण हिंदीसाठी केलेली वगळायच्या शब्दांची यादी मराठीवर चालवणं मला पटलं नाही.

मी पेजफाइंड हे शोधाचं साधन वापरते. २०२२ मध्ये आलं, रस्ट भाषेत लिहिलंय. बिल्ड झाल्यावर तयार पानांवरून ते सूची करतं, म्हणून साधन कुठलंही असो, चालतं. सूची तुकड्यांत असते आणि फोनवर लागेल तेवढाच तुकडा उतरतो. थीमचा साचा ओव्हरराइड करून एचटीएमएलच्या 'लँग'मध्ये (पानाची भाषा सांगणारी खूण) मराठीसाठी 'एमआर' लिहा, मुख्य मजकुराच्या डब्याला 'डेटा-पेजफाइंड-बॉडी' लावा.

इथवर तंत्र. यापुढे भाषा. 'कापणी' टाकलं की 'कापणीची', 'कापणीला' सापडतं, कारण सुरुवात तीच आहे. पण 'दांडा' टाकलं तर 'दांड्याचं वजन' सापडत नाही. 'पाणी' टाकलं तर 'पाण्याचे तास' सापडत नाही. आपलं सामान्यरूप शब्दाची शेपटीच बदलतं, आणि मराठीचं ते व्याकरण या साधनात नाही. मी दोन गोष्टी करते. मथळ्यात शब्द शक्यतो मूळ रूपात ठेवते, 'दांड्याचं वजन' ऐवजी 'दांडा: वजन आणि वजावट'. आणि प्रत्येक पानाच्या तळाशी एक ओळ, 'असंही म्हणतात'. तिथे त्या गोष्टीचे सगळे शब्द.

आता सगळ्यात त्रास देणारी गोष्ट. 'शेतकऱ्याला' हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो. एकात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर, मग हलन्त, मग 'य'. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त, मग न दिसणारा एक जोडक, मग 'य'. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला दोन वेगळे शब्द. 'ॲप'चंही तसंच. 'ॲ' हे एकच अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधी आणि अजूनही पुष्कळ लोक 'अ'वर चंद्र देऊन लिहितात. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करायची पद्धत) ही जोडी एक करत नाही. तुम्ही लॅपटॉपवर एका प्रकारे लिहिता, काका फोनवर दुसऱ्या प्रकारे टाइप करतात आणि 'सापडलं नाही' असं उत्तर येतं. काकांना वाटतं, माहितीच नाही.

म्हणून एकच रूप ठरवा आणि बिल्डच्या आधी दहा ओळींचं पायथन चालवून सगळ्या फाइलींत तेच करा. शोधाच्या चौकटीसाठी पेजफाइंडमध्ये 'प्रोसेस टर्म' म्हणून जागा आहे, टाइप केलेला शब्द शोधाआधी तिथून जातो. तोच बदल तिथेही लिहा.

जंक्शन

ताई, हे वाचून मी माझ्या प्रोजेक्टच्या रिपोर्टमध्ये शोधलं. 'दुसऱ्या' एकोणीस ठिकाणी एका प्रकारे, सात ठिकाणी दुसऱ्या प्रकारे. मीच लिहिलेलं, एकदा फोनवर, एकदा लॅपटॉपवर. ते दहा ओळींचं पायथन मी लिहून देतो. कांदेबागदादा, पुल रिक्वेस्ट (बदल घ्या अशी विनंती) पाठवू का?

कांदेबाग

पाठव रे. मनापासून आभार.

अमळनेरकर

'असंही म्हणतात' ही ओळ मला फार आवडली. आमच्याकडे वडील 'उधारी' म्हणतात, तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये 'येणे रक्कम' आहे. तो शब्द त्यांच्या तोंडी कधीच येणार नाही.

एक विनंती, लागवडीच्या पानाचे मृगबाग आणि कांदेबाग असे दोन भाग करा. जूनची लागवड आणि ऑक्टोबरची लागवड यांचं खताचं, पाण्याचं, कापणीचं वेळापत्रक वेगळं. एकाच तक्त्यात दोन्ही घातलेत तर शेतकरी आपला महिना शोधत बसेल.

तोरणमाळ

भाऊ, अहिराणीत एखादं पान टाकशात का? मना आजीले मराठी समजस, पण अहिराणी वाचीसन तिले बरं वाटी.

पांझराकाठ

टाकाच. अहिराणीला स्वतःचा भाषासंकेत आहे, 'एएचआर'. त्या पानाच्या 'लँग'मध्ये तो लिहा, पेजफाइंड भाषेप्रमाणे सूची वेगळी करतो. मराठी पानातून अहिराणी पानाकडे जायचा दुवा ठळक ठेवा, नाहीतर आजीला ते सापडणार नाही. आणि भाषांतर आजीच्याच घरातल्या कोणी करावं.

'लँग'वरून आठवलं. 'एमआर' लिहिलंत की ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे येतात, हिंदी वळणाचे नाही. शाळेत ज्यांनी मराठी वळण गिरवलंय त्यांना फरक लगेच जाणवतो.

गिरणा

मी कालपासून एक काम केलं, ते सांगतो. कांदेबाग यांनी दिलेल्या दुव्यावरून कापणीचं पान उघडलं आणि शेजारच्या एका केळी उत्पादकाला वाचायला दिलं. मी शेजारी गप्प बसलो. 'सबमिट करा' इथे तो थांबला. वर पाहिलं, खाली पाहिलं, मला विचारलं, "हे कुठं आहे?" सॉफ्टवेअरमध्ये त्या बटणावर 'नोंद टाका' असं आहे. पानात आणि बटणावर शब्द एकच हवा. मग पानाच्या वरच्या पेन्सिलीवर दाबलं, गिटहबचं खातं काढलं आणि ते दोन शब्द बदलून पाठवले. माझं पहिलंच. तुम्ही तपासून घ्या.

कांदेबाग

सर, घेतलं! स्ट्रिक्ट बिल्ड पास झालं आणि दीड मिनिटात साइटवर आलं. मी तेव्हा बागेत ठिबकच्या नळ्या धूत होतो, लॅपटॉप घरी. फोनवरूनच मान्य केलं.

तुमच्यासारखं मीही करून बघितलं. काकांकडे गेलो, ज्यांच्यामुळे हे सुरू झालं. फोन त्यांच्या हातात दिला, म्हटलं, दांड्याचं शोधा. त्यांनी 'दांडा' टाइप केलं. तळाच्या 'असंही म्हणतात' ओळीमुळे पान पहिल्या क्रमांकावर आलं. वाचलं. मग त्यांनी विचारलं, "हे कधीचं?"

पानाच्या तळाशी शेवटच्या बदलाची तारीख दाखवणारं प्लगइन मी लावलं होतं, पण सगळ्या पानांवर कालचीच तारीख दिसत होती. लागवडीच्या पानाला मी तीन महिने हात लावलेला नाही, तरी कालची. काकांना खोटी तारीख दाखवायची नव्हती, म्हणून म्हटलं, हे अजून नीट व्हायचंय, उद्या सांगतो. हे का होतंय?

सातपुडा_पायथा

ॲक्शन्स रेपोची फक्त शेवटची कमिट (नोंदवलेला बदल) उतरवून घेतं. प्लगइन तारीख गिटच्या इतिहासातून काढतं, तिथे इतिहासच नसतो, म्हणून सगळ्यांना एकच तारीख. चेकआउटच्या पायरीत 'फेच डेप्थ' शून्य लिहा. शून्य म्हणजे सगळा इतिहास.

कांदेबाग

झालं. लागवडीच्या पानावर मागच्या हंगामाची तारीख आली, कापणीच्या पानावर गिरणा सरांच्या दुरुस्तीची. संध्याकाळी काकांना दाखवून आलो. त्यांनी फोनमधली जुनी पीडीएफ माझ्यासमोर पुसली आणि साइटचं चिन्ह होम स्क्रीनवर ठेवून घेतलं.

मृगबाग-कांदेबाग वेगळे करायचं काम आज रात्री धरतो. तोरणमाळ, अहिराणीसाठी कापणीचं पान आधी घेऊ या, मजकूर तुम्हाला पाठवतो. आणि निसवणीच्या पानावर फोटो नाही. कोणाच्या बागेत सध्या केळफूल बाहेर पडत असेल तर सकाळच्या उजेडात एक काढून पाठवा, शेपटाची अक्षरं लहान मी करून घेईन.